नाव न विचारणारी चौकट

अक्का, तुला पोचवून आल्यानंतरच्या रविवारी सकाळी तुझा नवा लेख आला.

मी राजारामपुरीतल्या ऑफिसात एकटाच बसलो होतो. लोकांच्या वेबसाइट करून द्यायचं माझं काम रविवारी बंद असतं. पण घरात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते, आणि ते मला सोसत नव्हतं. म्हणून उगाच इकडं येऊन बसलो होतो. मोबाइल वाजला. तुझ्या ब्लॉगवर, 'घरची खबर'वर, नवीन लेख प्रसिद्ध झाला आहे, असं वर आलं. लेखिका म्हणून तुझं नाव. वेळ म्हणून 'आत्ताच'.

मी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला, परत उचलला. मग डोकं चालायला लागलं. दवाखान्यात भरती व्हायच्या आधी तू लेख लिहून, पुढची तारीख टाकून ठेवला होतास. ती तारीख टाकायची सोय मीच तुला दाखवली होती. कारण कळलं, तरी मी पडद्याकडं बघत राहिलो. तू लिहिलं होतंस, "मधू, आपल्या बोळातली गटार आता झाकली बघ. तू लहान असताना तिच्यात चप्पल टाकून रडत बसायचास, तसं आता कुणाला रडायला मिळणार न्हाय. मी बरी हाय. पायाला जरा सूज हाय, बाकी काय न्हाय."

मी बरी हाय. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचत बसलो.

तासाभरात लेखाखालच्या प्रतिक्रियेच्या चौकटीत लोक लिहायला लागले. "अक्का, लय दिसांनी." "पायाला मिठाच्या पाण्यानं शेक घ्या." "जय भीम अक्का, तुमची वाट बघत होतो." तू गेल्याचं कुणालाच माहीत नव्हतं. त्यांना सांगणारा मीच एकटा होतो, आणि मला ते टाइप करता येत नव्हतं.

तू माझी मावसबहीण. माझ्या आईच्या थोरल्या बहिणीची थोरली मुलगी. माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठी, म्हणजे निम्मी आईच. मला सगळे बाळासाहेब म्हणायला लागले तरी तू बाळ्याच म्हणायचीस. मधू तुझा धाकटा भाऊ. तो घरातून गेला तेव्हा मी शाळेत होतो, त्यामुळं मला त्याचा चेहरा नीट आठवत नाही. लग्नाच्या वरातीत तो पुढं उभा राहून क्लॅरिनेट वाजवायचा आणि गाल फुगले की त्याचे डोळे मिटायचे, तेवढं आठवतं.

तुमच्या वडिलांना, आबांना, ते वाजवणं सहन होत नव्हतं. आपल्या घरातला पहिला बी.ए. मधूच होणार, असं त्यांनी सगळ्या वस्तीला सांगून ठेवलं होतं. परीक्षेचा पेपर सोडून तो वडगावच्या बाजारपेठेत कुणाच्या तरी वरातीत वाजवत होता. आबा गर्दीत घुसले आणि सगळ्या वाजंत्र्यांसमोर त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली. मधूनं क्लॅरिनेट बॅन्डमास्तरच्या हातात दिली आणि चालत निघाला. संध्याकाळी कुणीतरी त्याला हातकणंगले स्टेशनवर बघितला म्हणे. त्यानंतर कुणीच नाही.

तू तेव्हा कोल्हापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होतीस. कानाला हेडफोन लावून दिवसभर लोकांचे ट्रंककॉल जोडून द्यायचीस. मधू गेल्यावर काही महिन्यांनी दुपारच्या पाळीत तुझ्या शेजारच्या बाईच्या बोर्डवर लांबून एक कॉल आला. पलीकडं कुणीतरी 'वडगाव' एवढंच म्हणून नुसता श्वास घेत होतं. त्या बाईनं नेहमीसारखं विचारलं, "कोण बोलतंय? नाव सांगा." पुन्हा विचारलं, "नाव सांगा, नाहीतर ठेवते." लाइन कटली. ती हसत तुला म्हणाली, कुणीतरी येडा होता, वडगाव म्हणाला आणि गप बसला.

हे तू मला कितीदा सांगितलंस, अक्का! सांगताना तुझा हात दर वेळी कानाकडं जायचा. "त्योच हुता," तू म्हणायचीस. "तिनं नाव इचारलं न्हसतं तर बोलला असता. माणूस आधी नुसता थांबतोय रे. त्याला थांबू द्यायला लागतं." तो मधूच होता याला पुरावा काहीच नव्हता. पण तुझं पुढचं सगळं आयुष्य त्या एका तुटलेल्या लाइनवर उभं राहिलं, आणि माझं-तुझं भांडणही.

दाजी गेले, तुझी मुलगी शीतल नोकरीला पुण्याला गेली, तू रिटायर झालीस आणि मावशीला सांभाळायला माहेरी वडगावला आलीस. मावशी गेल्यावर शीतलनं तुला पुण्याला ये म्हणून किती विनवलं. तू म्हणालीस, "मधूला ह्योच पत्ता ठावा हाय."

मावशीच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला त्या दिवशी तू मला बाजूला घेऊन विचारलंस, "बाळ्या, पेपरातली जाहिरात दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. तुझ्या त्या इंटरनेटवर लिवलेलं किती दिवस राहतंय?"

"आपण पुसेपर्यंत," मी म्हणालो.

"मग मला जागा करून दे. मधूला आई गेलेली सांगायची हाय."

असा ब्लॉग सुरू झाला. नाव तूच ठेवलंस. 'हरवला आहे' असलं काही तू त्यात लिहू दिलं नाहीस. परत ये, असंही कधी लिहिलं नाहीस. तू नुसती खबर द्यायचीस. कुणाचं लग्न झालं, कुठल्या वर्गमित्राला नातू झाला, आबा शेवटी शेवटी वरातीचा आवाज आला की दारात येऊन उभे राहायचे. तो लेख वाचून मी ऑफिसातून उठून बाहेर जाऊन उभा राहिलो होतो.

आणि मग निघाला प्रतिक्रियेचा प्रश्न. मला वाटलं होतं ते दहा मिनिटांचं काम आहे.

ब्लॉगबरोबर जी फुकटची चौकट मिळते तिच्यात लिहायचं तर आधी खातं लागतं. तू पहिल्याच दिवशी ती बघितलीस आणि म्हणालीस, "ही काय इचारायली?" मी सांगितलं, ईमेल आणि पासवर्ड. "काढ," तू म्हणालीस.

मग मी सोशल मीडियाची चौकट लावली. लोकांचं खातं असतंच, नाव आणि फोटो आपोआप येतो, घाण कमी होते, असं मी तुला समजावलं. तू चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडं बघितलंस. "ज्याला तोंड दाखवायचं न्हाय, त्यालाच फोटो मागतोस व्हय रं?"

तिसरी एका परदेशी कंपनीची होती. दिसायला देखणी. उत्तराखाली उत्तर, बदाम, सगळं होतं. ती मलाच आवडली होती. पण फुकटात देणारे कुठंतरी वसूल करणारच. मावशीच्या आठवणीच्या लेखाखाली एका सकाळी गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात आली आणि तिच्याखाली वधूवर सूचक मंडळाची. तू मला फोन केलास. ओरडली नाहीस. एवढंच म्हणालीस, "बाळ्या, आईच्या खाली ही पोरगी कोण नटून बसलीया?" मी ती चौकट त्याच दिवशी उखडली.

शेवटी मी स्वतःच एक साधी चौकट लिहून दिली. एक मोकळी जागा आणि खाली 'पाठवा' असं बटण. नाव नाही, ईमेल नाही, मोबाइल नंबर नाही. लिहिलेलं आधी तुझ्याकडं येणार, तू वाचून परवानगी दिलीस की ब्लॉगवर दिसणार. एवढं तरी तू कबूल केलंस. पण कचरा यायला लागला. जुगाराच्या जाहिराती, ताकदीच्या गोळ्या, कुठल्या कुठल्या लिपीतला मजकूर. मी म्हटलं, निदान यंत्राला अडवायची परीक्षा लावू, नऊ चित्रं दाखवायची आणि त्यातली बस ओळखायची. तुलाच करून बघायला दिली. तू चिडून माऊस आपटलास. "ह्यात एक बी बस वडगाव आगाराची न्हाय. मला जमना, तर त्याला काय जमंल?" त्या दिवशी आपण दोघं किती हसलो होतो.

मग तू तो सगळा कचरा रोज सकाळी चहानंतर हातानं निवडायला बसलीस, तांदूळ निवडावेत तसा. एकदा रशियन अक्षरांतला मजकूर पुसायला तू तयारच होईनास. "रशियात असंल तर?" तू विचारलंस. मी हसलो. तू हसत नव्हतीस.

एका गोष्टीवर आपलं खरं वाजलं. कुठल्या गावाकडून, कुठल्या जोडणीवरून मजकूर आला, याचा माग ठेवता येतो. लिहिणाऱ्याला ते कळतही नाही. मी म्हणालो, तेवढं गुपचूप ठेवू या, अक्का. मधूनं खरंच लिहिलं तर त्याला शोधता येईल. तू पदरानं चष्मा पुसत बसलीस. मला वाटलं, पटलं. मग म्हणालीस, "त्याला धरून आणायचाय का मला? मग पोलिसात तक्रार हायच की. मला त्यानं आपल्या पायानं यायला पायजे."

"आणि नाही आला तर?"

"तर न्हाय."

मी माग ठेवला नाही. तुझा शब्द मोडून, तुला न सांगता ठेवणं मला सहज शक्य होतं. पण तू पडद्यावरचं प्रत्येक अक्षर मला वाचायला लावून खात्री करून घेतलीस, आणि खरं सांगायचं तर तुला फसवायची माझी छातीही झाली नाही.

मधूकडून काही आलं नाही. पण दुसरे लोक यायला लागले. मला हे आधी कधीच सुचलं नव्हतं. कागलकडच्या एका बाईचा नवरा कुंभमेळ्याला म्हणून गेला होता तो आलाच नव्हता. ती दर अमावास्येला एक ओळ लिहायची. कुणाची बहीण, कुणाचा बाप. आणि मग एक जण असा आला, जो स्वतःच निघून गेलेला होता. दक्षिणेत कुठंतरी हॉटेलात भांडी घासायचा. नाव नाही, गाव नाही. त्यानं लिहिलं, "तुमच्या लेखातलं गाव आमच्या गावासारखं आहे." तू त्याला उत्तर दिलंस, "आमच्याकडं गुऱ्हाळं सुरू झाली." बस, एवढंच. जवळजवळ वर्षभर तुमचं हे चाललं होतं. तू त्याला भाताच्या लावणीचं सांगायचीस, यात्रेचं सांगायचीस, तो हॉटेलच्या मालकाचं सांगायचा. मी म्हणायचो, विचार की गाव कुठलं. तू म्हणायचीस, "लाइनवर हाय न्हवं? असू दे."

एके दिवशी त्यानं लिहिलं, "घरात घेतील का?"

तू लगेच उत्तर दिलं नाहीस. मला फोन करून ती ओळ वाचून दाखवलीस. दुसऱ्या दिवशी लिहिलंस, "मी जाऊन विचारून येतो. कुणाच्या घरात विचारू?" आपल्याकडच्या सगळ्या बायांसारखी तू मी येतो, मी जातो असंच बोलायचीस आणि लिहायचीसही. त्यानं गाव सांगितलं. हातकणंगले तालुक्यातलंच, आपल्यापासून एसटीनं तासाच्या आत. तू गेलीस. मी तुझ्याबरोबर होतो. त्याच्या आईनं दार उघडलं, आणि तू पहिलं वाक्य काय बोललीस? "तुमच्या पोराचा निरोप हाय. जिता हाय त्यो." ती बाई उंबऱ्यावर खालीच बसली.

तो आला. पंधरवड्यानं आई त्याला घेऊन वडगावला तुझ्याकडं आली, ओटीत मक्याची कणसं घेऊन. तू चहा केलास, त्याला खोबऱ्याची वडी दिलीस, त्याच्या केसांवरून हात फिरवलास. ते गेल्यावर तू कपबशा विसळत होतीस आणि माझ्याकडं पाठ करून म्हणालीस, "एकाचा तरी कॉल लागला की रं." पाणी बराच वेळ वाहत होतं. मी नळ बंद करायला उठलो नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एक वेगळाच मजकूर आला. "अक्का मी मधू. रविवारी हातकणंगले स्टेशनवर येतो. गर्दी करू नको."

तू मला सांगितलंस तेव्हा मी म्हणालो, काहीतरी विचारून खात्री करू या. तू ऐकायच्या पलीकडं गेली होतीस. ठेवणीतली निळी साडी नेसलीस. भाकरी, वांग्याचं भरीत आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात भरलीस. आपण सकाळपासून बाकावर बसलो होतो. गाड्या येत होत्या, जात होत्या. प्रत्येक उतरणाऱ्या माणसाचं वय तू मनात वाढवून बघत होतीस. तुझे ओठ हलायचे. एका माणसाच्या मागं तू थेट रिक्षांपर्यंत गेलीस आणि परत येऊन बाकावर बसलीस. दिवस मावळायला लागला तेव्हा मी म्हणालो, "अक्का, चल." तू डबा माझ्याकडं दिलास. "तू खा. वाया जाईल." मी तिथंच बसून ते भरीत खाल्लं. त्या घासांची चव मला अजून आठवते.

दुसऱ्या दिवशी चौकटीत एक ओळ होती. "आलीस व्हय म्हातारे?" आणि पुढं आपल्या जातीवरून शिवी.

शीतल पुण्याहून आली. ती आणि मी, दोघं तुझ्यासमोर बसलो. शीतल रडत होती. "आई, बंद कर हे." मी म्हणालो, "बंद नको, पण नाव आणि मोबाइल नंबर घेऊ या. हा जो कुणी आहे, त्याला आज शोधता आलं असतं." मी रागानं बोलत होतो. तू भुईमुगाच्या शेंगा फोडत होतीस. तुझा चेहरा सुकून गेला होता, पण हात चालू होते.

"बाळ्या," तू म्हणालीस, "इतक्या वर्षांत बिननावाचे किती आले. त्यांतलं कोण खोटं निघालं? ज्यानं नाव लिवलं, त्योच खोटा निघाला की."

मला उत्तर सुचलं नाही. आता सुचतं. उत्तर हे की अक्का, तू नशीबवान होतीस. बाकीचे भले निघाले यात त्या चौकटीचं काही कर्तृत्व नव्हतं. उघड्या दारातून कुणी आत यावं हे दाराच्या हातात नसतं. हे मला तुझ्याशी बोलायचं होतं. पुढच्या वेळी वडगावला आलो की बोलू, असं म्हणत राहिलो. तू ती शिवीची ओळ पुसलीस, हात धुतलेस आणि दुसऱ्या सकाळी चहानंतर पुन्हा कचरा निवडायला बसलीस. पण एक फरक पडला होता. मोबाइल वाजला की तू आधीसारखी झडप घालायची नाहीस. क्षणभर थांबायचीस. घाबरायचीस तू, अक्का. तू कबूल केलं नसतंस, पण मी बघितलं होतं.

दवाखान्यात तुझ्या नाकाला नळी होती तरी रोज मला विचारायचीस, "आज काय आलंय?" मी तुला वाचून दाखवायचो. शेवटच्या संध्याकाळी तू विचारलंस तेव्हा खरंच काही नव्हतं, नुसत्या जाहिराती होत्या. मी तसं सांगितलं.

"नीट बगितलंस?"

"बघितलं."

"पुसायच्या आधी परत एकदा बग."

त्यानंतर तू झोपलीस. मला तुला एक विचारायचं होतं, ते कधीच विचारलं नाही. मधू जिवंत आहे असं तुला खरंच वाटायचं का? का तुला माहीत होतं, आणि तरीही तू रोज सकाळी त्या खुर्चीत बसायचीस? हे तुझ्याशिवाय कुणाला विचारता येणार नाही.

त्या रविवारी संध्याकाळी मी शेवटी ब्लॉगवर लिहिलं. तू गेलीस, वडगावला पांढऱ्या कपड्यांतली माणसं रस्त्याच्या वळणापर्यंत होती, वंदना झाली. खाली शेकडो लोक लिहायला लागले. कागलकडची ती बाई पहिल्यांदाच अमावास्या नसताना आली. भांडी घासणाऱ्या त्या मुलानं, आता त्याचं स्वतःचं दुकान आहे, पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं.

तीन दिवसांनी शीतलचा फोन आला. "मामा, लेख सगळे ठेवू या. पण चौकट बंद कर. आई होती तोवर ठीक होतं. आता तिच्या नावाखाली कुणी काहीही लिहील, कोण बघत बसणार? तुला तुझी कामं आहेत." ती बरोबरच बोलत होती. मी इतकी वर्षं तेच बोलत आलो होतो. मी म्हणालो, "आजच करतो."

बंद करायच्या आधी रांगेत थांबलेला मजकूर वाचायला बसलो. श्रद्धांजल्या, जाहिराती, पुन्हा श्रद्धांजल्या. त्यांच्यामध्ये एक ओळ होती.

"वडगावला येऊन गेलतो. घराला कुलूप हाय."

एवढंच. अक्का म्हटलेलं नाही, नाव नाही, गाव नाही. तुझ्या हट्टामुळं मागही नाही. मी ती ओळ वेगवेगळ्या आवाजांत वाचून बघितली. श्रद्धांजलीला आलेल्या एखाद्या वाचकाची असू शकते. स्टेशनवरच्या त्या हरामखोराची असू शकते. मी खुर्चीतून उठलो ते थेट एसटी स्टँडवर गेलो आणि वडगावची गाडी धरली.

तुझ्या शेजारच्या सावित्रीकाकू दारातच लसूण सोलत बसल्या होत्या. मी विचारलं, घराकडं कुणी आलं होतं का?

"आलतं की," त्या म्हणाल्या. "परवा दुपारी एक जण कट्ट्यावर बसलता. मी पाणी दिलं. पावणं, कुणाकडं आलाय, नाव काय तुमचं, म्हणून इचारलं तर तांब्या ठेवला आन् उठून गेला."

"म्हातारा होता?"

"म्हाताराच की. पांढरी दाढी."

"अक्कासारखा दिसत होता?"

काकू विचारात पडल्या. "आता तू म्हणलास तर तसं वाटायलंय. न्हाय म्हणला असतास तर तसं वाटलं असतं. कसं सांगू बाबा?"

मी तुझ्या कट्ट्यावर बसलो. दारावर कुलूप होतं, ते मीच लावलेलं. आत टेबलावर तुझा कॉम्प्युटर होता, त्यावर तू टाकायचीस तो विणलेला रुमाल. समोरच्या बोळात तुझी ती झाकलेली गटार होती. तिथूनच शीतलला फोन केला आणि ओळ वाचून दाखवली.

तिनं ती ओळ मला परत एकदा वाचायला लावली. मग म्हणाली, "तोच असेल मामा. स्टेशनवाला."

"असू शकतो."

"किंवा एसटीची वाट बघणारा कुणी म्हातारा."

"तो पण असू शकतो."

पलीकडून तिचा श्वास ऐकू येत होता. मी काही विचारलं नाही. मग ती म्हणाली, "आतल्या कपाटाला वेगळं कुलूप हाय. बाहेरची किल्ली काकूंकडं ठेव." पुण्यात गेल्यापासून शीतल 'हाय' म्हणायची बंद झाली होती. तुझ्यासारखाच आवाज आहे तिचा, हे मला त्या क्षणी कळलं आणि मी फोन कानापासून जरा लांब धरला.

तिथं बसूनच मी त्या ओळीखाली उत्तर लिहिलं. "अक्का गेली. किल्ली शेजारी सावित्रीकाकूंकडं आहे. कधीही या." खाली माझं नाव घातलं. चौकट बंद केली नाही.

काकूंना सगळं समजावलं. त्यांनी लसणाचे हात पदराला पुसले, पण किल्ली लगेच घेतली नाही.

"नाव काय सांगंल त्यो?"

"विचारू नका, काकू."

"आन् भलताच कुणी निघाला तर?"

अक्का, हाच प्रश्न मी तुला इतकी वर्षं घालत होतो. काकू माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची बोटं मिटली.